डाव्या हाताची मूठ

१

मे महिन्यात पूर्णेच्या बाजारात दुपारी एक ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. उन्हाला भिऊन माणसं घरात पडून असतात आणि दुकानदार दुकानात. शंभुराजच्या भांड्यांच्या दुकानातही तीच गत. पण दिवस लग्नसराईचे, म्हणून भांड्यांवर नावं घालायची कामं साठलेली असायची, ती तो या वेळात उरकायचा. परात मांडीवर घ्यायची, घरघरणारी मशीन हातात धरायची आणि सुईनं 'मामाकडून सप्रेम भेट' असं कोरत जायचं. अक्षर त्याचं झकास होतं. अशा वळणाचं 'सप्रेम' अख्ख्या तालुक्यात कुणी घालत नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणाले नाहीत तर तो स्वतः म्हणायचा.

त्या दिवशी त्याची मुलगी रुद्राणी डबा घेऊन आली आणि परत गेलीच नाही. दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता, आणि दुकानात कूलर होता. स्टुलावर पाय वर घेऊन ती तासभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. मग म्हणाली, "पप्पा, जरा इकडं बघा. तुमच्या जमान्यातलं आलंय."

"आमच्या जमान्यातलं आता काय यायचं?"

"गेममध्ये जुन्या मशिनींचा सेट आलाय. नाणं टाकून खेळायच्या मशिनी होत्या की न्हाई, त्यांचा. पाच स्किन हायेत आणि मला एकच घेता येतीय. तुमी सांगा कोणती घेऊ."

स्किन म्हणजे काय, हे शंभुराजला एव्हाना पाठ झालं होतं. खेळातल्या बाहुल्याचे कपडे. त्यानं ताकद वाढत नाही, पळणं वाढत नाही, नुसता थाट. "कपडे बाहुल्याला आणि डोकं खायचं बापाचं," तो म्हणाला. पण मोबाइल हातात घेतला. पोरगी अजून आपल्याला काही विचारते, याचा त्याला मनातून आनंदच होता.

घ्यायच्या आधी घालून बघायची सोय होती. बोट लावलं की एका जांभळ्या चकचकीत खोलीत बाहुला उभा राहायचा, गिरकी घ्यायचा, उडी मारायचा, अंगठा दाखवायचा. पहिल्याचं जाकीट दिव्यांच्या नळ्यांचं होतं. दुसऱ्याच्या डोक्यावर मशीनचा दांडा. तिसरी पोरगी, तिचा घागरा नाण्यांचा. चौथा अंगभर चौकोनी ठिपक्यांचा, हलला की ठिपके सांडायचे. शंभुराजला हसू आलं.

पाचव्याचं नाव 'कॉइन किड'. बुटका पोरगा, खाकी अर्धी चड्डी, निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चेहरा म्हणजे नुसते मोठे चौकोन. त्यानं गिरकी घेतली नाही. थोडा वेळ उभा राहिला आणि खाली बसला. मांडी घालून, पाठ ताठ. उजवा हात मांडीवर ठेवला, आणि डावा हात उचलून छातीसमोर धरला. त्या हाताची मूठ मिटलेली होती.

"हा बसतोय बघा. गोड हाय ना?" रुद्राणी म्हणाली.

"बाकीचे बसतेत का असे?"

"न्हाई. हाच. घेऊ का मग?"

"नको."

"कामून?"

"शर्टाचा रंग उडालेला हाय," शंभुराज म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात मशीन चालूच होती. डब्याच्या झाकणावर 'सप्रेम'च्या मधोमध एक आडवा ओरखडा उठला होता. ते झाकण त्याला बदलून द्यावं लागलं.

२

लिंगायत घरात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग येतं. चांदीच्या डबीत घातलेलं, शिवदाऱ्यात, म्हणजे गळ्यातल्या दोऱ्यात, ओवलेलं. ते जन्मभर अंगावरून उतरत नाही. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि माती देतात. हे शंभुराजला कुणी शिकवलं नव्हतं. घरात वाढणाऱ्याला ते कळतच जातं.

महारुद्र त्याचा धाकटा भाऊ. एकोणतीस वर्षांपूर्वी तो अकरा वर्षांचा होता आणि शंभुराज पंधराचा. स्टेशनच्या रस्त्याला सूर्यभान नावाच्या माणसानं वर पत्रे आणि अर्ध्या निळ्या, अर्ध्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत दोन गेमच्या मशिनी आणून ठेवल्या होत्या. शाळा सुटली की दोघे भाऊ निळा शर्ट, खाकी चड्डीतच तिथं. वडिलांना, म्हणजे धोंडप्पांना, हे ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर कमरेचा पट्टा निघाला असता.

डावीकडच्या मशीनला करंट यायचा. दांड्याच्या खाली पत्र्याची पट्टी होती, तिला हात लागला की झिणझिण्या. महारुद्र बुटका, खेळताना पुढं रेलला की गळ्यातली चांदीची डबी नेमकी त्या पट्टीला टेकायची आणि तो ओरडून मागं सरायचा. डाव हातचा जायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर शंभुराजच म्हणाला, "काढून ठेव की ते."

"काढायचं नसतंय, दादा."

"पाच मिनिटानं काय होतंय? त्या खिळ्याला अडकव."

मशीनच्या मागच्या फळीला एक खिळा होता. महारुद्रनं लिंग काढलं, डोळ्यांना लावलं आणि तिथं अडकवलं. त्या दिवशी तो फार छान खेळला. शंभुराजनं त्याच्या पाठीवर थापही मारली. मग कुणीतरी दारातून म्हणालं, "धोंडप्पा यायलेत," आणि दोघे मागच्या बाजूनं पळाले. गळा मोकळा आहे, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर कुलूप. सूर्यभान भाचीच्या लग्नाला सोनपेठला गेला होता, चार दिवस येणार नव्हता. महारुद्रनं कुलूप हलवून बघितलं. तीनदा हलवायचा, थांबायचा, परत तीनदा. घरी आल्यावर त्यानं शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटन लावून घेतलं. त्या उकाड्यात तो तसाच वावरला.

त्याच रात्री त्याला ताप भरला. मग झटके यायला लागले. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. मधे शुद्धीवर आला की तो एकच विचारायचा, "दादा, आणलंस का?" आणि शंभुराज म्हणायचा, "आणतो. झोप तू." सूर्यभानचं कुलूप तोडायला धोंडप्पांना एक दगड पुरला असता. फक्त त्यांना सांगायला हवं होतं. फार तर दोन पट्टे बसले असते. शंभुराजनं त्याआधीही खाल्ले होते आणि नंतरही खाल्ले. ते दोन त्यानं वाचवले.

महारुद्र गेला तेव्हा त्याची डावी मूठ छातीशी घट्ट आवळलेली होती. झटक्यांनी आवळली असेल. गळ्यात लिंग नाही म्हणताना माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तेव्हा विधीला आलेले स्वामी म्हणाले, लेकरानं ते मुठीतच धरलेलं दिसतंय, उघडू नका. आईनं शंभुराजकडे बघितलं. तोच तर रात्रंदिवस उशाशी बसला होता.

"हाय ना रे हातात?"

"हाय," शंभुराज म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीवर त्यांचं घर एकोणतीस वर्षं उभं होतं. शंभुराजला मुलगी झाली तेव्हा आईनंच तिचं नाव रुद्राणी ठेवलं.

आता कुण्या परदेशातल्या खेळात एक बाहुला मांडी घालून बसतो आणि मूठ मिटतो, तर त्यात एवढं काय? योगासनं आता जगभर झाली आहेत. नाण्याचा खेळ आहे, मुठीत नाणं असेल. दुकान बंद करताना शंभुराजनं स्वतःला हे तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते पटलं.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं तो खेळ स्वतःच्या मोबाइलवर उतरवून घेतला. गावातली शेंबडी पोरं जे दोन मिनिटांत करतात त्याला शंभुराजला सव्वा तास लागला. त्याला फक्त खात्री करायची होती. एकदा नीट बघितलं की किडा डोक्यातून जाईल, असा साधा हिशेब.

पहिले चौघे त्यानं घालून बघितले. चौघांनी गिरक्या घेतल्या, उड्या मारल्या, अंगठे दाखवले. तो प्रत्येकासमोर पाच-पाच मिनिटं थांबला. कुणी बसलं नाही.

पाचवा उभा राहिला आणि बसला.

शर्टाचं वरचं बटन लावलेलं होतं. काल ते बघायचं राहिलं असेल. बाकी चौघांचे गळे उघडे होते, याचा मात्र गळा कॉलरनं आवळलेला. शंभुराजनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. खोली काल जांभळी होती. आता मागची भिंत खालून अर्धी निळी आणि वर चुन्याची पांढरी दिसत होती, आणि निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर चुना ओघळलेला. तसा रंग तर निम्म्या मराठवाड्यात असतो, त्यानं स्वतःला समजावलं. पण तो तिथं कुणी आणि कशाला काढला, एवढं मात्र त्याला समजावता येईना.

कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्यानं कूलर बंद केला. मोबाइलमधून बारीक गुणगुण येत होती, जुनी मशीन तापल्यावर यायची तशी. उन्हानं पत्रा तडकल्याचा आवाज होता. शंभुराजच्या दुकानाला स्लॅब होता, आजूबाजूलाही स्लॅबच होते. आणि त्याच्या मागून, बाहेरून हलवावं तसं कुलूप हललं. तीनदा हललं, थांबलं, परत तीनदा.

तो उठून दारात आला. रस्ता पांढरा पडला होता, चिटपाखरू नव्हतं. समोरच्या कापड दुकानाचं शटर ओढलेलं, त्याचं कुलूप उन्हात स्वस्थ लोंबत होतं. मागं गल्ल्यावर ठेवलेल्या मोबाइलमध्ये ते पुन्हा हललं.

शंभुराजनं खेळ पुसून टाकला. पुसायला मात्र त्याला एक मिनिटही लागलं नाही. मग कूलर लावून तो त्याच्यासमोर बसला. सदरा ओला झाला होता तो वाळेना. आपण गेलो असतो, असं त्याच्या मनात आलं. त्या चार दिवसांत एकटा जरी परत गेलो असतो, खिडकीच्या गजातून हात घातला असता, तरी ते निघालं असतं. खिडकी होती त्या खोलीला. हे त्याला आज इतक्या वर्षांनी आठवत होतं.

४

डोकं दुखतंय म्हणून तो त्या दिवशी पाचलाच घरी आला. ओसरीवर त्याची आई महादेवी शेजारच्या सरजाबाईला घेऊन वाती वळत बसली होती. आई बहात्तर वर्षांची. मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा ओवायची, पण छातीचं दुखणं लागलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली होती आणि शंभुराजला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार काही हातात नाही, जपा.

"या शंभुअप्पा," सरजाबाई म्हणाली. "तुमच्या भावाचंच काढलं होतं आता."

तेच निघायचं. नवीन माणूस घरात आलं की आई ते सांगायची, आणि जुनं आलं तरी सांगायची. लेकरानं लिंग कसं मुठीत धरलं होतं, स्वामी काय म्हणाले, जाताना तोंडावर कशी शांती होती. लोक हात जोडायचे. पोर गेल्याचं दुःख तिनं या एका गोष्टीत बांधून ठेवलं होतं, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन ती खरंच ताठ चालत आली होती.

"आता माझंबी लय दिवस न्हाईत," आई वात वळत म्हणाली. "मला त्याच्या शेजारीच बसवा म्हणून सांगून ठेवलंय मी."

"असं कामून बोलता, माय?" सरजाबाई म्हणाली.

"खोटं काय हाय त्यात? आणि मला भ्या न्हाई वाटत. तिथं गेले की पहिल्यांदा त्याला म्हणणार, रुद्रा, आता उघड मूठ, दाखव मला." ती हसली. "लय घट्ट धरलीती हो त्यानं. मला बघायला बी मिळालं न्हाई."

शंभुराजचे पाय धुवायचे राहिले होते. तांब्या हातात धरून तो मोरीपाशी उभा होता. आता तिला सांगितलं तर ती मरेल, आणि नाही सांगितलं तरी मरेल आणि तिथं जाऊन त्याच्यासमोर बसेल. मूठ उघड म्हणेल. तो उघडेल. लहानपणापासून तो आईचं ऐकत आला होता. फक्त एकदा त्यानं दादाचं ऐकलं.

असल्या गोष्टींवर शंभुराजचा विश्वास होता की नव्हता? दुकानात बसून विचारलं असतं तर त्यानं हसून विषय बदलला असता. मोरीपाशी उभं राहून त्याला ते ठरवता येईना. एकच सुचलं. लिंग अजून कुठं असेल तर ते शोधायचं. आईच्या हातात द्यायचं, काय व्हायचं ते होऊ दे.

५

सूर्यभान आता पोराच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेला असायचा. एकाच गावात राहून शंभुराज एकोणतीस वर्षं त्या रस्त्यानं गेला नव्हता. स्टेशनला जायचं तर तो मोठा फेरा घालायचा, आणि बायको विचारायची की सरळ रस्ता असताना हे कशाला. दुसऱ्या दिवशी तो सरळ तिथं गेला.

"ओळखलं का, मामा? मी धोंडप्पाचा शंभू."

"भांड्यावाले ना तुमी? बसा की, शेठ." म्हाताऱ्यानं पोराला चहा सांगितला.

शंभुराज चहा येईपर्यंत उन्हाचं बोलला, चहा संपेपर्यंत गाड्यांचं बोलला. मग त्यानं विचारलं. डावीकडची मशीन, मागची फळी, खिळा.

सूर्यभाननं त्याच्याकडे बघितलं. "ते इचारायला आता आला का तुमी?"

"म्हणजे होतं तिथं?"

"होतं. लग्नावरून आलो तवा दिसलं. तुमच्यातलं हाय एवढं कळत होतं मला. तुमच्या घरचं पोरगं गेलं ते बी ऐकलं. म्हणून कागदात बांधून घेऊन आलतो तुमच्या दारी, दहाव्या-अकराव्या दिवशी. तुमचे आई-वडील समाधीवर गेलते. तुमी होता दारात."

शंभुराज रिकाम्या कपातला गाळ बघत राहिला.

"मी पुडी सोडून दाखवली तुमाला. म्हटलं, हे तुमचं हाय का? तुमी म्हणाला, न्हाई, आमचं न्हाई." सूर्यभाननं बशी खाली ठेवली. "लहान होता तुमी. मी बी फार इचारलं न्हाई."

हे शंभुराज विसरला होता असं म्हणता येणार नाही. त्यानं ते जिथं ठेवलं होतं तिथं तो जात नव्हता, या रस्त्यासारखंच. आता सगळं दिसायला लागलं. वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर तेलाचा डाग, काळी पडलेली डबी. हात पुढं केला असता तर घेता आलं असतं. माती अजून ओली होती. आई समाधीवरून यायची होती, तिच्या हातात ठेवता आलं असतं, आणि ती जे म्हणाली असती ते एकदाच म्हणून झालं असतं. पण त्याआधी घरात मुठीची गोष्ट झाली होती, आणि आई अकरा दिवसांत पहिल्यांदाच जेवायला लागली होती. त्यानं म्हटलं, आमचं नाही. दार लोटून घेतलं.

"मग काय केलं त्याचं?"

"दुसऱ्याच्या देवाचं मी काय करणार? जिथं होतं तिथंच अडकवलं परत. पुढं ती मशीन मानवतच्या एकानं नेली, खिळ्यासकट, लिंगासकट. त्यानं कुणाला दिली, खुदा जाने. तो माणूस बी गेला आता. त्या मशीनवर मग पोरं बसंनात, शेठ. करंट मी दुरुस्त करून घेतला होता. तरी बसंनात. म्हणायचे, आधीच कुणीतरी खेळायलंय."

शंभुराज उठला. रामराम करायचा राहिला. सरळ रस्त्यानं घरी जाताना त्यानं ठरवून टाकलं की आज सांगायचं. छातीचं दुखणं असो की काही असो. चुकीचं सांगून तिला तिकडं पाठवायचं नाही. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली. 'माय, मला तुला एक सांगायचंय' इथंपर्यंत ती ठीक जुळत होती.

६

घरात ऊन अजून खिडकीतून आत येत होतं. बायको मागं धुणं वाळत घालत होती. देवघराच्या खोलीत आई पाटावर मांडी घालून बसलेली, आणि तिच्या शेजारी रुद्राणी. पूजेच्या चौरंगावर हळदकुंकवाच्या डब्यांना टेकवून मोबाइल उभा केला होता.

"पप्पा, रागवू नका," रुद्राणी म्हणाली. "मी तोच घेतला. कॉइन किड. आज्जीला म्हटलं, हा तुझ्यासारखा बसतोय पूजेला, तर आज्जीनं बघायला मागितला. अर्धा तास झाला, सोडंना ती."

"बंद कर ते," शंभुराज म्हणाला.

"असू दे रे," आई म्हणाली. तिनं मान वळवली नाही. लहान मुलाशी बोलावं तसं ती मोबाइलकडे बघून हळू बोलत होती. "उघड की, बाळा. किती वेळ धरशील? दाखव मला."

"आज्जी, त्याला ऐकू येत न्हाई," रुद्राणी हसून म्हणाली. मग तिचं हसू थांबलं.

शंभुराज दारातच होता. तिथून त्याला मोबाइलचा तुकडाच दिसत होता. निळा शर्ट, कॉलर, डावा हात. बोटं म्हणजे चौकोनच होते. त्यातला एक बाजूला झाला, मग दुसरा. फार सावकाश, ताप आलेल्या मुलाचा हात उघडावा तसे. चेहऱ्याकडे त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर चौकोनांपलीकडे काही दिसलं असतं का, हे त्याला आजही सांगता येत नाही. तळहात आईच्या समोर आला आणि तिथंच थांबला.

मागच्या अंगणात बादलीचा आवाज झाला.

"रिकामा हाय," आई म्हणाली.

ती शंभुराजकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "शंभू, तू तर हाय म्हणाला होतास."

त्यानं मान खाली घातली. आईला एवढं पुरलं. एकोणतीस वर्षं ती ज्याच्यावर टेकून बसली होती ते तिच्या पाठीमागून सरकलं, आणि ती पडली नाही, नुसती थोडी वाकली.

"एवढी वर्षं तसाच बसलाय तो," ती म्हणाली.

"आज्जी, काय झालं? गेम हाय ती," रुद्राणी म्हणाली. मोबाइल बंद करायला तिनं बोट लावलं, परत लावलं, आणि हात मागं घेतला.

आईनं दोन्ही हात मानेमागं नेले. पदर खाली घसरला. शिवदाऱ्याच्या गाठीशी तिची बोटं चाचपडत होती. वाती वळणारी, सुई ओवणारी बोटं, पण हात वर धरला की त्यांना कंप सुटायचा.

"माय, हे काय करायलीस?"

"गाठ सोड. माझ्या हाताला जमंना."

"काढू नये ते. तुझं हाय. तुला लागंल..."

"मला माहीत हाय कवा लागतंय ते. तो लहान हाय, शंभू. सोड."

तो तिच्या मागं जाऊन बसला. गुडघे दुखले. "आधी माझं ऐक," तो म्हणाला. "मला सगळं सांगायचंय. मीच त्याला..."

"सांग की," आई म्हणाली. "सोडता सोडता सांग."

तर त्यानं सांगायला सुरुवात केली. पत्र्याच्या खोलीपासून. पट्टीचा करंट, खिळा, पाच मिनिटानं काय होतंय असं आपण म्हणालो ते. दारातून कुणी ओरडलं ते. गाठ बारीक होती आणि घामानं चिकटून दगड झाली होती. नख लागत नव्हतं, म्हणून त्यानं दात लावले आणि मग परत सांगू लागला. कुलूप, ताप, आणतो म्हणालो ते. रुद्राणी भिंतीला टेकून रडत होती, पण तिचे डोळे मोबाइलवर होते. ती काय बघत होती हे त्यानं तेव्हा विचारलं नाही, आणि तिनं नंतर कधी सांगितलं नाही.

सूर्यभान दारी आला होता, इथंपर्यंत तो पोचला आणि गाठ सुटली. आईनं लिंग डाव्या हातात घेतलं, डोळ्यांना लावलं आणि हात लांब करून ती चौरंगाकडे सरकली. अजून सांगायचं राहिलं होतं. शंभुराज उरलेलं तिच्या उघड्या मानेला सांगत राहिला.